अनुभव धागा : सीडी वाजते, सिनेमा दिसतो, पण रीरायटेबल डिस्क टाकली की लॅपटॉप म्हणतो 'डिस्क टाका'

लालबागहून

आमच्या चाळीचा पुनर्विकास आता खरंच मार्गी लागतोय आणि प्रत्येक खोलीचे जुने पुरावे मागितले जातायत. माझे बाबा बरीच वर्षं चाळ कमिटीचे सचिव होते. २००७ साली त्यांनी खोलीवार फोल्डर करून सगळ्यांच्या जुन्या भाडेपावत्या स्कॅन करून ठेवल्या. मूळ पावत्यांतल्या बऱ्याच नंतर वाळवीने खाल्ल्या. स्कॅन उरलेत ते तीन सीडी-आरडब्ल्यूवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडींवर. नवी पावती आली की त्याच डिस्कवर भर घालता येते, म्हणून बाबांनी रीरायटेबल घेतल्या होत्या. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना एवढंच आठवतं की 'सगळं त्या तीन डिस्कवर आहे'.

लॅपटॉप २०११ चा, ड्राइव्ह आतलाच. भजनांची विकतची सीडी लगेच वाजते, सिनेमाची डीव्हीडीही चालते. आरडब्ल्यू घातली की ती फिरते, थांबते, टक-टक करून पुन्हा फिरते, असं तीनदा होतं आणि मग 'डी ड्राइव्हमध्ये डिस्क टाका'. तिन्ही डिस्कचं हेच.

ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी लिहा. काय केलं आणि त्याने काय झालं, दोन्ही लिहा. फसलेले प्रयत्नही हवेत, कारण या डिस्कवर मला उगाच काही करून बघायचं नाही.

मुलुंडहून

माझ्याकडे ड्राइव्हच गायब झाला होता. 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसेना, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्याची शेपटी राहिली होती. सीडी-डीव्हीडीच्या क्लासमधल्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन नोंदी काढल्या, मशीन पुन्हा सुरू केलं आणि ड्राइव्ह परत आला. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला होता, तो घ्याच.

पण दादा, तुमची विकतची सीडी वाजतेय, म्हणजे तुमचं दुखणं हे नाही. यात वेळ घालवू नका.

ग्रँट रोडहून

लॅमिंग्टन रोडवर बावीस वर्षं रिपेअरिंगचं काम केलं. आता दुकान बंद केलंय, पण हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की सविस्तर लिहितो.

विकतच्या सीडीला आतून ॲल्युमिनियमचा आरसा असतो. लेसरचा जो उजेड तिच्यावर पडतो त्यातला ७० टक्के किंवा जास्तच परत येतो. सीडी-आरडब्ल्यूवरून परत येतो फक्त १५ ते २५ टक्के. तिच्यात आरशाच्या अलीकडे एका मिश्रधातूचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो कुठे स्फटिकासारखा होतो, कुठे काचेसारखा, आणि या दोन्हींच्या चमकेतला फरक म्हणजे तुमचा डेटा. तो फरक मुळातच फिका. डीव्हीडी-आरडब्ल्यूचंही तसंच, १८ ते ३० टक्के.

म्हणून ड्राइव्ह थोडा म्हातारा झाला किंवा लेन्सवर धूळ बसली की पहिली नजर जाते ती आरडब्ल्यूवरची. विकतची सीडी त्याला अजून छान दिसत असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं ड्राइव्ह ठणठणीत आहे आणि डिस्कच खराब. माझ्याकडे आलेल्या दहातल्या सात-आठ केसमध्ये डिस्क चांगली होती. तुम्ही तीनदा टक-टक म्हणता ना, तो लेन्सचा आवाज. ती वरखाली होऊन फोकस शोधते, परत आलेला उजेड मोजते, पुरेसा मिळाला नाही की पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी सोडून देते.

आणखी एक. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. दोन्ही वेगवेगळे असतात. डीव्हीडी चालते यावरून सीडीचा लेसर धड आहे असं धरू नये.

आता साफसफाई. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. ट्रे उघडत नसेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप हळू दाबा. मध्ये तीन छोट्या गोळ्यांची चकती दिसेल, तिच्यावरच डिस्क खटकन बसते. तिच्या बाजूच्या फटीत साबुदाण्याएवढा निळसर मणी आहे, ती लेन्स. चांगली असेल तर उजेडात लख्ख चमकते. आपल्या घरातल्या ड्राइव्हमध्ये तिच्यावर धुरकट साय असते. धूळ, फोडणीची वाफ आणि पावसाळ्याची दमट हवा, तिघांनी मिळून धरलेली.

इअरबडचं टोक आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून झटका, ओलसर उरलं पाहिजे, थेंब पडता कामा नये. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, म्हणून नुसत्या टोकाच्या वजनाने मधून बाहेर एकदाच गोल फिरवा. दुसऱ्या कोरड्या टोकाने तेच. दहा मिनिटं वाळू द्या. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, लेन्स प्लास्टिकची असते, कायमची पांढरी पडते. ब्रशवाली क्लीनिंग सीडीही या पातळ ड्राइव्हमध्ये मी कधी घातली नाही.

डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या वाटेनेच जातो आणि लांबचा भाग एकदम खातो.

गिरगावहून

शाळेत शिकवते. माझी गोष्ट छोटी आहे. नवी डीव्हीडी-आरडब्ल्यू 'लिहिता येत नाही' म्हणून मी दुकानदाराशी दोनदा भांडून आले. मग भाच्याने ट्रेवरचं चिन्ह दाखवलं : डीव्हीडी-रॉम, सीडी-आरडब्ल्यू. तो कॉम्बो ड्राइव्ह होता, डीव्हीडी फक्त वाचणारा, लिहिणार ती सीडीच. दुकानदाराची जाऊन माफी मागितली.

सीडी-आरडब्ल्यूवर वेगही छापलेला असतो तो बघा. १ ते ४ एक्सची साधी, ४ ते १२ एक्सची 'हाय स्पीड', त्यावर 'अल्ट्रा स्पीड'. शाळेतल्या जुन्या ४ एक्सच्या ड्राइव्हला हाय स्पीड डिस्कवर लिहिताच येत नव्हतं.

बोरिवलीहून

सगळ्यात आधी हे लिहिते. विंडोजने 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलाच्या मुंजीचं चित्रण आम्ही ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर केलं होतं, तेव्हा तसे कॅमेरे मिळायचे, एका डिस्कवर साधारण अर्धा तास. काही वर्षांनी लॅपटॉपमध्ये घातली तर डिस्क कोरी. वर फॉरमॅटचा प्रश्न. माझं बोट बटणावर होतं. सासूबाईंनी हात धरला, 'आधी कुणाला तरी विचार'. त्या मुंजीत माझे सासरे होते, पुढच्या वर्षी ते गेले.

डिस्क कोरी नव्हती, फायनलाइज केलेली नव्हती, म्हणजे दुसऱ्या मशीनला वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची राहिली होती. कॅमेरा माळ्यावर सापडला, पण बॅटरी मेलेली. चार्जर लावून चालू केला, मेनूत 'फायनलाइज' निवडलं. काही मिनिटं तो गुरगुरत राहिला आणि आम्ही दोघी चार्जरची पिन हलू नये म्हणून धरून बसलो होतो. त्यानंतर तीच डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये उघडली. मातृभोजनाचा सगळा भाग आहे.

छोटी डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकते. ट्रेवालाच हवा, मधल्या खोलगट भागात ती बसते.

चेंबूरहून

यूएसबीचा बाहेरचा रायटर वापरतो. हबमधून जोडला की सीडी चालायची, आरडब्ल्यूवर लिहायला गेलं की ड्राइव्ह मध्येच नाहीसा. थेट लॅपटॉपला लावल्यावर प्रश्न मिटला. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीॲम्पिअरच मिळतो आणि लिहिताना लेसरला जास्त करंट लागतो. दोन टोकांची केबल मिळाली तर दोन्ही टोकं लावा.

पार्ल्याहून

लालबागकर, काकांनी सांगितलेली साफसफाई करून डिस्क दिसली की लगेच फोल्डर उघडून फाइली ओढायला जाऊ नका. मी तीच चूक केली. एका खराब जागेवर ड्राइव्ह अडकला, अर्धा तास घरघरला आणि नंतर त्याने डिस्कच ओळखली नाही.

आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी एका फाइलमध्ये नक्कल, घ्या. मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरतो. ते सोपा भाग आधी वाचून घेतं, अवघड जागांकडे नंतर वळतं आणि कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याची मॅप फाइल ठेवतं. तीच मॅप फाइल घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तो फक्त उरलेल्या जागा वाचतो. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय. डेस्कटॉपचा जाड ड्राइव्ह मिळाला तर उत्तम.

बाबांनी डिस्कवर पेनड्राइव्हसारख्या फाइली ओढून टाकल्या असतील तर ती पॅकेट रायटिंगची (थोडं थोडं लिहायची पद्धत), यूडीएफ नावाच्या मांडणीची असणार. तिची सूची बिघडली की डिस्क कोरी दिसते, फाइली मात्र आत असतात. माझ्या तशा एका इमेजमधून आयसोबस्टर या डिस्कमधला डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जवळजवळ सगळं निघालं.

लालबागहून

आज रविवार, सकाळपासून हेच करत होतो. ग्रँट रोडच्या काकांचे शब्द समोर ठेवून लेन्स पुसली. इअरबडच्या टोकावर करडा डाग आला, तो बाबांना दाखवला.

पहिली डिस्क दुसऱ्या फिरकीलाच दिसली. फोल्डर उघडले नाहीत, सरळ इमेज घेतली, सगळीच्या सगळी आली. खोली १ ते २८. इमेज उघडून बाबांना एक पावती मोठी करून दाखवली, १९७४ ची, जांभळ्या शाईचा शिक्का. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, 'ही तळमजल्यावरच्या मावशींची. त्यांच्या मुलाला आजच फोन कर.' केला. तो संध्याकाळी येऊन प्रिंट घेऊन गेला.

दुसरी डिस्क कोरी दिसत होती आणि फॉरमॅटचा प्रश्न आला. बोरिवलीच्या ताईंमुळे 'नाही' दाबलं. इमेज निघाली आहे, पार्लेकरांनी सांगितलं तसं आता आतल्या फाइली काढतोय. अकरा खोल्यांच्या मिळाल्या, काम चालू आहे.

तिसरी अडलीय. कडेच्या बाजूला उजेडात धरली की ढगाळ पट्टा दिसतो. साधारण ८० टक्के वाचून झालं, उरलेल्या जागांवर माझा ड्राइव्ह थकतो. मॅप फाइल जपून ठेवली आहे. तिसऱ्या मजल्याच्या नऊ खोल्या त्या उरलेल्या भागात असाव्यात.

परळ, दादर, भायखळा या पट्ट्यात कुणाकडे डेस्कटॉपचा जुना, चालता डीव्हीडी रायटर आहे का? डिस्क आणि लॅपटॉप घेऊन मीच येईन. रोज सात वाजल्यानंतर मोकळा असतो, रविवारी दिवसभर.

ग्रँट रोडहून

माझ्याकडे दोन आहेत, बॉक्समध्ये बांधलेले. यूएसबीला जोडायचा ॲडॅप्टरही आहे. उद्या साडेसातला या, स्टेशनच्या पूर्वेला उतरून निरोप करा. डिस्क केसमध्ये घालूनच आणा, पिशवीत नुसती ठेवू नका.