मदत हवी आहे : हर्णैच्या किनाऱ्यावर बसून जलरंगात काम करायचंय

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, जलरंगात लँडस्केप करते, आतापर्यंत सगळं गोदाघाट, पंचवटीतले जुने वाडे नि आपला काळा दगड हेच रंगवत आले. पण कोकणातलं हर्णै बघितल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, आणि ओहोटी लागली की ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरतं, वाळूला स्वतःचा रंगच राहत नाही, ते कागदावर आणायचंच आहे मला.

अडचण अशी की इकडे उन्हात वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) पटकन वाळतो, तिकडे दमट हवेत कागद ओलाच राहतो आणि दुसरा थर दिला की खालचा रंग उचलला जातो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पूर्ण कॉटनचा आहे. कोकणात जागेवर बसून काम करणारे काय करतात? वाळेपर्यंत दुसरं चित्र सुरू करायचं की एकाच ओल्या वॉशमध्ये जमेल तेवढं उरकायचं?

आणि जांभा, तो तिकडचा लालसर दगड! बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) नुसता लावला की विटेसारखा दिसतो, सावलीतला जांभा तर जांभळट वाटतो, त्यात अल्ट्रामरीन निळा घालता की अजून काही?

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ती सूर्योदय-सूर्यास्ताच्या जवळपास येते, म्हणून डिसेंबरातली पौर्णिमा धरून जायचा विचार आहे. तेव्हा बंदराजवळ सावलीत निवांत बसता येईल अशी जागा कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, सोबत आई असणार आहे.