अनुभव धागा : मिशनच्या बोर्डिंगसाठी वह्या-दप्तरं गोळा करत केलेला प्रवास

मंडळी, मे महिना संपत आला की आमच्या चर्चचा तरुण संघ टेम्पो काढतो. पुण्यातून निघायचं, हडपसर, लोणी, उरुळी, यवत, चौफुला, दौंड असं करत वाटेतल्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) आणि ओळखीच्या घरी थांबायचं, लोकांनी काढून ठेवलेल्या वह्या, कंपासपेट्या, दप्तरं घ्यायची आणि नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगला नेऊन द्यायची. कमी पडेल ते आधीच अप्पा बळवंत चौकातून डझनाच्या भावात उचललेलं असतं.

यवतला जिल्हा परिषदेतून रिटायर झालेल्या एक बाई आहेत, ख्रिस्ती नाहीत, पण दरवर्षी गठ्ठा तयार ठेवतात. प्रत्येक वहीला खाकी कव्हर घातलेलं, कोपरे नीट दुमडलेले, लेबल चिकटवलेलं आणि नावाची ओळ कोरी. म्हणाल्या, नाव पोरांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसतो, मागे टाकवत नाही.

चौफुल्याला केडगावची पाटी दिसली की गाडीत पंडिता रमाबाईंचा विषय निघतोच, त्यांचं मुक्ती मिशन तिथलंच. १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या, १८८७ ला बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं आणि त्या बळावर १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि इतर मुलींसाठीची निवासी शाळा उघडली. आगगाडीने फिरत, अनोळखी लोकांसमोर उभं राहून आपल्याकडच्या मुलींच्या शिक्षणासाठी मागायचं, तेही त्या काळात एकट्या बाईने. आम्हाला दारावरची बेल दाबायलाही सुरुवातीला जड जातं.

तुमच्यापैकी कोणी असं फिरलं असेल, दिलं असेल किंवा लहानपणी असं काही मिळालं असेल तर मोकळेपणाने लिहा. कोणत्याही धर्माचे असा.

— पुणे

*

आमच्या वसईत हे काम पॅरिशमधले सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीवाले करतात. १८३३ ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था, आज आमच्या गावात तिचे मेंबर म्हणजे शेजारचे अंकल-आंटी. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर अनाउन्समेंट होते, मग आम्ही पोरं आळीआळीत फिरतो. माल जातो तलासरीच्या बाजूला, सिस्टर लोकांच्या एका होस्टेलला, तिथे बहुतेक मुली वारली.

एक गोष्ट सांगते जी बाहेरच्यांना पटकन कळत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, त्यामुळे पुस्तकं देऊ नका, वह्या द्या. २०२३ ला सरकारने पुस्तकातच कोरी पानं घातली तेव्हा लोक म्हणायला लागले आता वह्या कशाला, पण सिस्टर म्हणाल्या तेवढ्यात भागत नाही, आणि २०२५ ला ती पानं काढून टाकायचाच निर्णय झाला. आणि वह्या पण कोणत्या ते विचारा. लहानांना गणिताला चौकटीची, मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी लागते. सगळे जण एकरेघी दोनशेपानी आणतात कारण दुकानात तीच समोर असते, मग पहिली-दुसरीच्या मुलींना काही उरत नाही.

हायवेला विरार फाटा ते मनोर ट्रॅफिक आणि वरून जूनचा पाऊस, ताडपत्री दोन वेळा बांधायची. कागद एकदा भिजला की संपलं. माझे डॅडी प्रत्येक गठ्ठा आधी भाताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीत घालून तोंड शिवतात, मग ताडपत्री. तिथे पोचल्यावर मुली रांगेत उभ्या राहून हातोहात गोण्या आत नेतात, आम्हाला उचलूच देत नाहीत.

— वसई

*

मी हिंदू आहे, ऑफिसमधल्या मैत्रिणीमुळे यात आले. आमच्या सोसायटीत मी दारोदार विचारलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सरळ विचारलं, हे धर्मांतरासाठी आहे का? मला राग नाही आला, विचारायचा हक्क आहे त्यांना. मी मैत्रिणीला फोन लावून दिला. तिने सांगितलं की काका, होस्टेल चर्चचं आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, मुलं सगळ्या जातीधर्माची आहेत, वही कोणाला देताना धर्म विचारत नाहीत, तुम्हाला बघायचं असेल तर आमच्याबरोबर गाडीत चला. काका खरंच आले. येताना सव्वाशे कंपासपेट्या घेऊन आले, आणि तिथे मुलांच्या प्रार्थनेच्या वेळी मागे हात जोडून बसले.

माझं मत स्पष्ट आहे, संस्था कोणाची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. ‘गरीब मुलांसाठी’ एवढंच बोलून घ्यायचं नाही. देणारा नाही म्हणाला तर हसून पुढच्या दारात जायचं.

— डोंबिवली

*

डोंबिवलीकर ताई, अगदी मनातलं बोललात. रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर हेही त्यातलंच. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्हीकडची माणसं तळमळीची होती. म्हणून मला वाटतं विश्वास हा वह्यांइतकाच जपून न्यायचा माल आहे.

— सोलापूर

*

इथे न्यू जर्सीत आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं हे ऑगस्टमध्ये करतो, कारण तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधीचे सेल लागतात आणि वह्या सेंटांच्या भावात मिळतात. आमच्यातलं एक कुटुंब मूळचं नगरचं, ख्रिस्ती, त्यांच्यामुळे मेनोनाइट सेंट्रल कमिटी कळली. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची ही संस्था १९२० ला रशिया-युक्रेनमधल्या दुष्काळात लोकांना अन्न पोचवायला सुरू झाली. त्यांचं स्कूल किट म्हणजे नाडीची कापडी पिशवी, आत चार वह्या, आठ पेन्सिली, बारा रंगीत पेन्सिली, एक मोठं खोडरबर आणि एक पट्टी. पट्टीवर सेंटीमीटर पाहिजेतच. इथल्या दुकानात काही पट्ट्या नुसत्या इंचाच्या मिळतात, आणि किट जातात सिरिया, जॉर्डनसारख्या ठिकाणी, तिथल्या मुलाला इंचाचा काय उपयोग?

पिशव्या आमच्या आईने शिवल्या, ती सहा महिने आली होती तेव्हा. जुन्या सुती चादरी, परकराला घालतो तशी दोन्हीकडून नाडी. तिला इंग्रजी येत नाही, पण पेनसिल्व्हेनियात इफ्राटा गावी या संस्थेचं गोदाम आहे, तिथल्या आज्यांनी तिची शिवण उलटी करून बघितली, टाके बोटाने चाचपले आणि तिला हात धरून गोधड्या ठेवतात त्या टेबलाशी घेऊन गेल्या. तासभर दोन्ही बाजूंनी खाणाखुणा. गोधडी शिवणारी बाई गोधडी शिवणारीला बरोबर ओळखते.

एडिसनहून निघून बाकीच्या घरांतून खोकी घेत अठ्ठ्याहत्तर नंबरचा हायवे, मग ॲलनटाउनपासून दोनशे बावीसने रेडिंगवरून खाली इफ्राटा. शेवटी आमिश लोकांच्या (मोटारी न बाळगणारा ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या लागतात, मुलांना तेवढ्यासाठी यायचं असतं सुरुवातीला, नंतर ती पिशव्या भरायला भांडतात.

— न्यू जर्सी

*

नॉर्थ कॅरोलिनातून. आमच्याकडे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुटांच्या खोक्यांचा उपक्रम असतो, ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड. मूळ कल्पना १९९० ला वेल्समध्ये निघाली, १९९३ पासून सॅमॅरिटन्स पर्स ही ख्रिस्ती संस्था चालवते. खोक्यात खेळणं, वही-पेन्सिल, मोजे असं. आम्ही शेजारपाजारच्या चर्चमधून खोकी उचलून शार्लटच्या केंद्रावर सोडतो आणि मग तिथेच शिफ्ट करतो, खोकं उघडायचं, चॉकलेट आणि टूथपेस्ट काढायची (ती चालत नाहीत), जागा उरली तर पेन्सिली भरायच्या. या संस्थेचा हेतू उघडपणे सुवार्तेचा आहे, खोक्यांसोबत मुलांना येशूची गोष्ट सांगणारी पुस्तिकाही देतात. मी ख्रिस्ती आहे, मला ते मान्य आहे. पण माझ्या मराठी मित्रांकडून खोकं घेताना मी हे आधी सांगतो, आणि ज्यांना नको वाटतं त्यांना वर लिहिलंय तसल्या स्कूल किटचा पत्ता देतो. मैत्रीत काही फरक पडत नाही.

— शार्लट

*

मी देणारा नाही, घेणारा होतो. नगरच्या एका बोर्डिंगमध्ये पाचवी ते दहावी. वडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर घराला कुलूप, त्यामुळे बोर्डिंग नसतं तर शाळा कधीच सुटली असती. जूनमध्ये गाडी यायची ते आम्हाला हॉर्नवरून कळायचं.

तुम्ही सगळे मनापासून करता म्हणून सांगतो, मनाला लावून घेऊ नका. काही वर्षी वापरलेल्या वह्या यायच्या, पुढची दहा-बारा पानं फाडलेली. त्या शिवणीतून मागची पानं पण सुटून पडायची आणि वर्गात सगळ्यांना समजायचं की ही बोर्डिंगची वही. कंपासपेटीतल्या वर्तुळ काढायच्या कंपासला पेन्सिल अडकवायचा स्क्रूच नसायचा. आमच्या मेट्रन मावशी रात्री बसून सगळं निवडायच्या, पानं मोजून दाभणाने परत शिवायच्या, जाड पुठ्ठा लावायच्या. त्यांनी कधी आमच्यासमोर कोणा देणाऱ्याला नाव ठेवलं नाही, उलट रात्रीच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी देवाचे उपकार मानायला लावायच्या.

आठवीत मला एकदा कोरं करकरीत भूमितीचं कंपास मिळालं, आत प्लास्टिकमध्ये बंद गुण्या, कोनमापक. मी तो कागद महिनाभर काढला नव्हता. आज मी आयटीआयमध्ये शिकवतो, ड्रॉइंग शिकवतो. त्यामुळे एकच मागणं, थोडं द्या पण नवं द्या. दहा जुन्या वह्यांपेक्षा एक नवी दुरेघी वही द्या.

— श्रीरामपूर

*

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमचा प्रतिसाद आमच्या संघाच्या ग्रुपवर टाकतोय, चालेल ना? जुन्या वह्यांमधली कोरी पानं आम्ही या वर्षी वेगळी बांधून घेऊ, ती रफ कामाला संडेस्कूलमध्ये जातील, बोर्डिंगच्या गाडीत नाही.

दोघांनी मेसेज करून पावतीचं विचारलंय. ८०जी ची (देणगीवरची आयकराची) सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूंना मिळत नाही, तेव्हा ज्यांना सवलत हवी त्यांनी संस्थेच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन भरावं. मात्र परदेशातून पाठवायचं असेल तर तिकडचा पासपोर्ट घेतलेल्यांनी संस्थेला आधी एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं) रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा.

अजून एक. विदर्भात शाळा आपल्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तिकडच्या कोणाकडे ओळखीचं बोर्डिंग असेल तर मेट्रनबाईंकडून यादी मागवून इथेच टाका, इयत्तेप्रमाणे, वहीच्या रेघांसकट. पुण्याची गाडी परत आली की उरलेले गठ्ठे तिकडे लावता येतील.

— पुणे