जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक ढकलूनही सरकत नाही

ब-२०४ : नमस्कार. पार्किंगच्या रंगकामासाठी आमचा जुना ट्रक बाजूला घ्यायचा आहे. परंतु गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असूनही चौघांनी जोर लावल्यावर तो जेमतेम वीतभर सरकतो आणि परत मागे येतो. ब्रेक उघडून पाहावेत का?

अ-१०१ : ब्रेकला इतक्यात हात लावू नका. ब्रेक धरला असता तर गाडी हललीच नसती किंवा घासत गेली असती. ती स्प्रिंगसारखी परत येते, याचा अर्थ कुठेतरी पीळ बसला आहे. ट्रान्सफर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा) छोटा लिव्हर कुठे आहे?

ब-२०४ : फोर-हायवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत आहे, काका. काल गाडी वळवून लावताना चिरंजीवांनी टाकला असावा. आता ओढून ओढून हात दुखले, तरी निघत नाही.

अ-१०१ : मग कारण तेच. या जुन्या पद्धतीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो, त्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. मातीत चाक थोडे घसरते आणि तो फरक तिथेच जिरतो. कोरड्या काँक्रीटवर ते घसरत नाही, म्हणून सगळा ताण शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांवर साठून राहतो व लिव्हर आवळला जातो. तो जोराने ओढू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकेल. इंजिन सुरू करा, ज्या वळणाने आलात त्याच वळणाने दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या आणि त्या वेळी लिव्हरवर नुसता हलका हात ठेवा.

क-३०२ : एक भर घालते. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, तर सरळ रस्त्यावरही असाच पीळ बसतो.

ब-२०४ : ताई, टायर चारही सारखेच आहेत. काका, रिव्हर्स घेताना खाडकन आवाज झाला आणि लिव्हर आपोआप सुटला! गाडी बरीच हलकी झाली, परंतु पुढचे डावे चाक अजून घासते.

अ-१०१ : आता ब्रेककडे वळू. जॅक लावण्यापूर्वी मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि चाक उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवा. (काही जुन्या फोर-व्हील गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे तो धरतच नाही आणि गाडी निघून जाते. म्हणून ठोकळ्यांचा आग्रह.) चाक हाताने फिरवा, जड असेल तर कॅलिपरवरचा (ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या भागावरचा) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी, अर्धा फेरा सैल करा. चाक मोकळे झाले तर ऑइलचा दाब अडकला आहे, नाही झाले तर पिस्टन किंवा पिना गंजल्या आहेत.

ब-२०४ : निपल सैल करताच ऑइलची बारीक धार उडाली आणि चाक मोकळे फिरले. निपल आवळून पेडल एकदा दाबले, तर पुन्हा जाम. उजवे चाक व्यवस्थित आहे.

अ-१०१ : दोष मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागात) असता तर बहुधा उजवेही घासले असते. डाव्या बाजूचा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून फुगला आहे. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत यायला वाट मिळत नाही. बाहेरून तो ठणठणीत दिसेल, त्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंचे होज बदला आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. तोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

ब-२०४ : ठीक आहे. निपल पुन्हा सैल करून दाब सोडला, चाक मोकळे झाले आणि निपल आवळला आहे. पेडलला पाय न लावता ट्रक ढकलतच कडेला घेतो.