हीटरचा हिशोब मोटरला लागत नाही
230 व्होल्टला 5 अँपिअर म्हणजे 46 ओहम आणि 1150 वॅट, म्हणजे व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध (ओहम) आणि गुणलं की वॅट, हा हिशोब इस्त्री किंवा हीटरसाठी अगदी बरोबर आहे. तोच यंत्रमागाच्या मोटरला चालेल का, असं एकाने विचारलंय, म्हणून लिहितोय.

आमच्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत ही गल्लत मी खूपदा पाहिली आहे. मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांना, म्हणजे वाइंडिंगला, मल्टिमीटर लावला की मोजकेच ओहम दिसतात आणि माणूस म्हणतो, मोटर शॉर्ट झाली. तसं नसतं हो! एसीवर करंटला अडवतो तो मुख्यतः वाइंडिंगमधल्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम, आणि मीटर मोजतो डीसीवर, त्याला तो दिसतच नाही. वॅट काढतानाही पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा हिस्सा) गुणायचं, थ्री फेजला शिवाय 1.732 ने. 415 व्होल्ट, 1.8 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर साधारण 1035 वॅट. त्यातले 746, म्हणजे 1 एचपी, शाफ्टवर मिळाले तर बाकीचे उष्णतेत गेले.

व्होल्टेज पडलं की खरा फरक कळतो. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 1000 वॅटच्या हीटरचा रोध 52.9 ओहम. 190 व्होल्टला तो 3.6 अँपिअरच घेतो, 682 वॅट देतो. पाणी उशिरा तापेल, एवढंच. मोटर मात्र तेच लोड ओढायला जास्त करंट घेते आणि वाइंडिंग जळू शकतं. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारं उपकरण) सारखा ट्रिप होतो म्हणून त्यावर लावलेला करंटचा आकडा कृपा करून वाढवू नका. आधी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा, मोटरच्या नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा.