लाल मांस, मंद दाह आणि यकृताचा कर्करोग: धूर आहे, आग आहे का?

कातरवेळ (धागाकर्ती):
मांस खाणं योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. प्रश्न फक्त यकृतापुरता. गुरं, डुकरं, मेंढ्या यांच्या पेशींवर निऊ-५-जीसी नावाची एक साखर असते. आपल्या पूर्वजांमधलं ती बनवणारं जनुक वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच निकामी झालं. लाल मांस खाल्लं की ही साखर थोडीथोडी आपल्या पेशींत जाऊन बसते, मग आपलीच प्रतिपिंडं तिला उपरी समजून तिच्यावर धावून जातात. रोजची छोटी चकमक, म्हणजे कायमचा मंद दाह. सॅन डिएगोच्या अजित वार्की यांच्या गटाने २०१५ साली हे उंदरांवर तपासलं. ते जनुक नसलेल्या उंदरांना ही साखर खाऊ घातली, प्रतिपिंडं दिली, आणि यकृताच्या गाठी सुमारे पाचपट झाल्या. मला तरी लाल मांस ताटातून उतरवायला एवढं पुरे आहे.

तिरकस:
ते उंदीर मुळात गाठी होण्याकडे कल असलेले होते, हे तुम्ही गाळलंत. नुसत्या साखरेवर भागलंही नाही, प्रतिपिंडं वेगळी द्यावी लागली. दाहाचा संबंध कोणी नाकारत नाही. हा कर्करोग बहुतेकदा वर्षानुवर्षं सुजून, व्रण पडून कडक झालेल्या यकृतातच उगवतो. पण ती सूज येते कशाने? हिपॅटायटिस बी, सी, दारू आणि यकृतात साठलेली चरबी. तैवानमध्ये १९८४ साली बाळांना हिपॅटायटिस बीची लस देणं सुरू झालं आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. कोणाचं ताट न बदलता.

बुरशी:
शिवाय अफ्लाटॉक्सिन! यकृताच्या कर्करोगाला थेट कारण ठरलेलं विष, आणि ते येतं बुरशी लागलेल्या मक्यातून, शेंगदाण्यातून. शुद्ध शाकाहारी मारेकरी. :)

कातरवेळ:
बरं झालं तुम्हीच विषय काढलात. याच अफ्लाटॉक्सिनवर हैदराबादच्या माधवन आणि गोपालन यांनी १९६८ साली प्रयोग छापला होता. दोन्हीकडच्या उंदरांना तेच विष. ज्यांच्या खाण्यात २० टक्के केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, त्यांच्या यकृतात गाठी. ५ टक्केवाल्यांत नाहीत. विष वनस्पतीतून आलं, पण त्याला खतपाणी कोणी घातलं? प्राणिज प्रथिनानेच ना?

तिरकस:
अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच दोघांनी १९६५ साली दाखवलं होतं की प्रथिन कमी पडलेल्या उंदरांच्या यकृताला हे विष जास्त इजा करतं. म्हणजे उपाशी ठेवलं तर यकृत आत्ताच खराब, भरपूर दिलं तर गाठ नंतर. यातून माणसाच्या जेवणाचा नियम काढायचा? शिवाय तिथे केसिनशी तुलना डाळीच्या प्रथिनाची नव्हती, कमी केसिनची होती. तो दोष प्राण्याचा कसा?

दशमान:
जरा माणसांकडे या. अमेरिकेतल्या सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत (२०१०) सर्वांत जास्त लाल मांस खाणाऱ्या गटात यकृताच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या पावणेदोनपट दिसला. कातरवेळ यांनी लगेच खूश होऊ नये, कारण त्याच पाहणीत कोंबडी, मासे असं पांढरं मांस जास्त खाणाऱ्यांत धोका जवळजवळ निम्मा होता. ही निरीक्षणं आहेत, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी दोन्ही ‘प्राणिज’च ना? मग या शब्दाची एक पेटी करून तिच्यावर शिक्का मारण्यात काय अर्थ?

मला चरबीचं जास्त पटतं. २०१८ च्या एका प्रयोगात लोकांना तीन आठवडे रोज हजार कॅलरी जादा दिल्या. संपृक्त मेदाने यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेने ३३, असंपृक्त मेदाने १५. आणि त्या संपृक्त मेदात लोणी-चीजबरोबर खोबऱ्याचं तेलही होतं!

कातरवेळ:
खोबऱ्याचं तेल मान्य. पण लोणी-चीज कोणाच्या बाजूला धरायचे? :)

सहामाही:
मी हिपॅटायटिस बीचा रुग्ण, अकरा वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद करवली, वजन उतरवायला लावलं, कॉफी पीत असाल तर प्या म्हणाल्या. लाल मांसाबद्दल मीच विचारलं, तर “कमी करा, पण गोळी चुकवू नका.” या चर्चेतलं निऊ-५-जीसी मी पुढच्या खेपेला त्यांना विचारेन. गोळीच्या आधी नाही, नंतर.

तिरकस:
सहामाही, हा क्रम लाख मोलाचा. कातरवेळ, लाल मांस सोडलंत तर नुकसान काही नाही. पण त्या भरात लस आणि तपासणी राहून जाणाऱ्यांची मला भीती वाटते.

कातरवेळ:
लस घेतलेली आहे. मांस सोडणं तिच्याऐवजी नाही, तिच्या जोडीला. उंदरांवरून मी हटणार नाही, पण ‘प्राणिज’ हा शब्द मागे घेते. ‘लाल मांस’ म्हणते.