डी७५० वरून मिररलेसवर जायचंय, निकॉनमध्येच राहू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला लग्नाच्या ऑर्डरी करतो आणि सीझन नसला की नांदूरमध्यमेश्वरला पक्षी. बॉडी निकॉन डी७५०, लेन्स ८५ एमएम १.८डी, ८०-२०० २.८डी आणि पक्ष्यांसाठी २००-५००. २०२७ चा कुंभ येतोय, रामकुंडावर पहाटे उजेड कमी आणि गर्दी तुफान, तेव्हा त्याआधी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचाच हे नक्की, पण कुठल्या कंपनीचा इथे अडलंय.

डी७५० आला २०१४ ला, २४ मेगापिक्सेल. निकॉनचा मिररलेस झेड६ थ्री आला २०२४ ला, तोही २४ च! सेन्सर वेगवान झालाय पण कमी आयएसओला (प्रकाशाची संवेदनशीलता कमी ठेवली की) सावलीतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आधीच्या झेड६ टू पेक्षा उलट थोडा जास्तच. सुधारलाय तो फोकस, आणि तो मात्र खरंच खूप. माझ्या डी७५० चे ५१ फोकस पॉइंट सगळे फ्रेमच्या मधेच गोळा झालेत, नवीन बॉडी फ्रेमच्या कडेलाही डोळा पकडते, पक्षी पण ओळखते.

आता घोळ असा की डी लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर लावायच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, म्हणजे माझ्या दोन्ही डी लेन्स मॅन्युअल फोकसवर, आणि अंतरपाट दूर होतो त्या क्षणी मॅन्युअल कोण करत बसणार? मग लेन्स नवीनच घ्यायच्या तर निकॉनच का? सोनीला सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स भरपूर मिळतात. कॅननचा विचार सोडला कारण त्यांच्या आरएफ माउंटच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीला सिग्मा, टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स मला दिसल्या नाहीत.

मला तर वाटतं आपण ज्याला ब्रँडवरचं प्रेम म्हणतो तो निम्म्याहून जास्त लेन्समध्ये अडकलेला पैसा असतो, गिऱ्हाईक कुठे जात नाही हे कंपनीला कळतं म्हणून घाई नसते. सोनीचा फुल फ्रेम मिररलेस ए७ २०१३ ला आला, कॅनन निकॉनला तिथं पोचायला २०१८ उजाडलं. सोनीकडे जुनं गिऱ्हाईक कमी होतं, त्यांना काहीतरी नवीन करून दाखवणं भागच होतं.

तर कोणी निकॉनवरून ए७ फोरवर गेलंय का? २००-५०० विकताना किंमत बरी आली का? आणि दुसऱ्या कंपनीच्या मोटरवाल्या अडॅप्टरवर ८०-२०० डी लग्नात कोणी वापरलीये का, फोकस धरते का? ती धरत असेल तर मी निकॉन सोडणार नाही.