निवेदक ओळखताना मुले ‘मी’ आणि ‘तो’ यांवरच का अडकतात?

प्रश्न – खडूफळा

मी नववी आणि दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. कथेचे निवेदन कोण करत आहे हे शिकवताना प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी (सगळ्या पात्रांच्या मनातले जाणणारा) या संज्ञा मुलांना लगेच तोंडपाठ होतात. अडचण त्यानंतर सुरू होते. ‘मी’ दिसला की प्रथमपुरुषी आणि ‘तो’, ‘ती’ दिसले की सर्वसाक्षी, असा हिशोब त्यांनी मनाशी पक्का करून टाकला आहे. गेल्या आठवड्यात मी स्वतःच रचलेला एक उतारा फळ्यावर लिहिला:

‘“मी येणार नाही,” असे म्हणून गोदाक्काने दार लावून घेतले. चूल विझत आली होती. पोराचा अजून पत्ता नव्हता. एस.टी. चुकली असेल का त्याची?’

अर्ध्याअधिक वर्गाने ‘प्रथमपुरुषी’ असे उत्तर लिहिले, कारण उताऱ्यातला पहिलाच शब्द ‘मी’. शेवटचा प्रश्न कोणाच्या मनातला आहे असे विचारले, तेव्हा एकमुखाने उत्तर आले, ‘लेखकाच्या.’ लेखक आणि निवेदक वेगळे असू शकतात हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी उत्तरपत्रिकांत ‘लेखक म्हणतो की’ हेच वाचते. व्याख्या आणखी घोटवून घेतल्याने काही साधेल असे मला वाटत नाही. आपण वर्गात नेमके काय करता?

उत्तर – ओसरीवरून

‘मी’ची अडचण तशी किरकोळ आहे. अवतरणचिन्हांतला सगळा मजकूर पेन्सिलीने खोडायला सांगावा आणि जे उरेल त्यात ‘मी’ सापडतो का ते पाहायला सांगावे. एका तासात हे बहुतेकांना जमते.

सर्वसाक्षी आणि मर्यादित, म्हणजे एकाच पात्राच्या मनापुरत्या, निवेदनातला फरक मात्र सर्वनामांवरून कधीच कळत नाही, आणि आपण नेमके तिथेच मुलांना सर्वनामे शोधायला लावतो. ‘सांगणारा कोण?’ हा प्रश्न मी आता मागे ठेवला आहे. ‘सांगणाऱ्याला हे कळले कसे?’ असे मी आधी विचारतो. मराठीत त्याचे उत्तर पुष्कळदा क्रियापदातच असते. मी फळ्यावर तीन वाक्ये लिहितो:

सून रागावली होती.
सून रागावली असावी.
सून रागावली होती म्हणे.

पहिल्या वाक्यातला निवेदक सुनेच्या मनात शिरलेला आहे, निदान तसा हक्क तरी गाजवतो आहे. दुसऱ्यातला दाराबाहेर उभा राहून ओट्यावर आदळणारी भांडी ऐकतो आहे आणि त्यावरून अंदाज बांधतो आहे. तिसऱ्यातला त्या वेळी घरात नव्हताच. त्याच्या कानावर गावातून काहीतरी आले आहे. एका ‘म्हणे’ने सांगणारा किती लांब जाऊन बसला, हे मुलांना चटकन दिसते, कारण घरी आजीच्या तोंडून हा शब्द त्यांनी रोज ऐकलेला असतो. मग एखादा उतारा घेऊन ‘वाटले’, ‘आठवले’, ‘जाणवले’, ‘सलत होते’ अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला लावतो आणि प्रत्येक रेघेला ‘कोणाला?’ असे विचारतो. दर वेळी सासूच आली आणि सुनेच्या वाट्याला केवळ ‘असावी’ आले, तर दोघींनाही ‘ती’ म्हटलेले असले तरी आपण सासूच्या डोक्यात बसून गोष्ट ऐकत आहोत. दोघींच्या मनांतले सारख्याच सहजपणे सांगितले असेल, तर निवेदक सर्वसाक्षी. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते: सासूला नुसती खात्री वाटते म्हणूनही सुनेबद्दल ‘रागावली होती’ असे वाक्य येऊ शकते. त्यामुळे एकाच वाक्यावर निकाल देऊ नये.

उत्तर – पानगळ

‘असावी’ची खूण चांगली आहे, पण माझा अनुभव असा की या वयाच्या मुलांना नात्याचे शब्द त्याहून लवकर सापडतात. ‘आप्पा ओसरीवर बसले होते’, ‘दत्तूचे वडील ओसरीवर बसले होते’ आणि ‘म्हातारा ओसरीवर बसला होता’ या तिन्ही वाक्यांत माणूस तोच आणि जागाही तीच आहे, तिन्ही वाक्ये तृतीयपुरुषीही आहेत, पण पाहणारी नजर प्रत्येक वेळी बदलली आहे. पहिली नजर घरातल्या माणसाची आहे आणि दुसरी परक्याची. तिसरीबद्दल वर्गात नेहमी वाद होतो, आणि तो मी मुद्दाम होऊ देते.

मागच्या वर्षी मी ओळखायला सांगणे थांबवून लिहायला दिले. वीजबिल थकल्यामुळे वायरमन जोडणी तोडायला आला आहे, हा प्रसंग तीन गटांनी लिहायचा होता: एका गटाने घरातल्या मुलाच्या, एकाने शेजारणीच्या आणि एकाने वायरमनच्या बाजूने, पण तिघांनीही ‘मी’ हा शब्द टाळून. वायरमनच्या गटातल्या एका मुलाने फार मन लावून लिहिले होते. शिडी, पक्कड, खांबावरचा मुंगळा, सगळे त्यात होते; आणि मध्येच वाक्य आले, ‘आई रडायला लागली.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘कोणाची? वायरमनची?’ वर्ग हसला, त्या मुलाने ‘आई’ खोडून ‘घरातली बाई’ असे लिहिले, आणि दृष्टिकोन कुठे घसरला हे मला समजावून सांगावे लागले नाही.

उत्तर – जुनी वही

अवतरणचिन्हे खोडण्याची युक्ती पाठ्यपुस्तकापुरती ठीक आहे. अलीकडच्या कितीतरी कथांत संवादांना अवतरणचिन्हे नसतातच, तिथे मुले पुन्हा अडतील.

आपल्या लेखक आणि निवेदक या प्रश्नाला मराठीत एक हाताशी असलेले उदाहरण आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने, आणि लिहिणारे आपटे पुरुष होते. इथे ‘लेखक म्हणतो की मी सासरी आले’ असे लिहिताना मुलाचा हात आपोआप थांबतो. हे आपल्या व्याकरणामुळे घडते: ‘आलो’ की ‘आले’ यावरून सांगणारा पुरुष की स्त्री ते उघड होते. ‘मी पत्र वाचले’ या वाक्यात मात्र क्रियापद पत्राच्या मागे जाते आणि सांगणाऱ्याचे लिंग झाकलेलेच राहते. प्रथमपुरुषी उतारा देऊन, सांगणारी स्त्री आहे हे पहिल्यांदा कोणत्या शब्दात कळले, असे विचारून पाहा. मुले शिकाऱ्यासारखी शोधतात.

दुसरा गोंधळ असा की ‘मी’ म्हणणारा तो नायक, असेही मुले धरून चालतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ‘मी’ म्हणणारा तरुण मास्तर आहे, पण गोष्ट त्या वाडीची आणि तिथल्या धनगरांची आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) तर ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आळीपाळीने ‘मी’ म्हणतात, आणि प्रत्येकाचा ‘मी’ आपल्या सोयीचे सांगतो. एवढे वाचून झाले की ‘प्रथमपुरुषी म्हणजे खरे सांगणारा’ हा आणखी एक गैरसमज परस्पर निघून जातो.

खडूफळा

सर्वांचे आभार. काल वायरमनऐवजी एस.टी.च्या कंडक्टरवर तोच प्रयोग केला, आणि आमच्याकडेही एक ‘आजी’ अशीच परक्या डोळ्यांत शिरली. नंतर गोदाक्काच्या उताऱ्याकडे परतलो, तेव्हा एका मुलीने मला अडवले. तिचे म्हणणे, ‘एस.टी. चुकली असेल का त्याची?’ हे वाक्य गोदाक्का मनात म्हणेल तरी असेच म्हणेल आणि निवेदक म्हणेल तरी असेच म्हणेल, मग ठरवायचे कशावरून? मला लगेच उत्तर सुचले नाही.

ओसरीवरून

त्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे मनातले वाक्य निवेदनात आणताना काळ बदलावा लागत नाही, त्यामुळे सांधा दिसत नाही. अशा वेळी पात्र स्वतःबद्दल विचार करू लागेल असे पुढचे वाक्य जोडून पाहावे: ‘आपण स्टँडवर जायला हवे होते.’ गोदाक्का मोठ्याने बोलली असती तर ‘मी’ म्हणाली असती, आणि निवेदक बाहेरून सांगत असता तर ‘तिने’ म्हणाला असता. ‘आपण’ या दोहोंच्या मधला आहे: शब्द निवेदकाच्या वाक्यातला आणि मन तिचे. मुले त्याचा अर्थ आधी ‘आपण सगळे’ असा घेतील. तो घेऊ द्यावा, आणि मग स्टँडवर कोण कोण जाणार होते, असे विचारावे.